लघवीच्या धारेत ई. कोलाय वाहून का जात नाही? चिकटण्याचं जनुक बंद करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरात तीनदा युरिन इन्फेक्शन झालं, तिन्ही वेळा कल्चरमध्ये ई. कोलाय आला. डॉक्टर म्हणाले, हे जिवाणू मूत्राशयाला चिकटून बसतात. मग दिवसातून सात-आठ वेळा लघवी होते, तिच्यात ते वाहून का जात नाहीत? चिकटण्याचं एखादं जनुक असतं का, आणि ते बंद करता येतं का?

जनुक असतं. एक नाही, 'फिम' नावाच्या नऊ जनुकांचं टोळकंच असतं. पण हेच टोळकं तुमच्या-माझ्या आतड्यात निमूट राहणाऱ्या ई. कोलायमध्येही असतं, आणि ते बहुतेक कुणाच्या वाट्याला जात नाहीत. म्हणून जनुक आहे की नाही यापेक्षा ते चालू करणारा तुकडा आत्ता कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे विचारायला हवं. हे 'तोंड' मी शब्दशः म्हणतेय, पुढे कळेल.

मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केली, मग बरीच वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं टेबल सांभाळलं, आता शिकवते. त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं हे मला विचारू नका. जिवाणूचं मात्र सांगू शकते.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. एम.एस्सी.ला असताना एक प्रॅक्टिकल होतं. किराणा दुकानात पावाचं सुकं यीस्ट मिळतं ना, ते सलाइनमध्ये कालवायचं, त्याचा एक थेंब काचेच्या स्लाइडवर घ्यायचा, शेजारी ई. कोलायचा थेंब ठेवायचा, दोन्ही काडीने एकत्र करून स्लाइड हळूहळू हिंदकळवायची. यीस्टच्या अंगावर मॅनोज नावाच्या साखरेचे घोस असतात. जिवाणूला चिकटायचे तंतू असतील तर तो ते घोस पकडतो आणि अर्ध्या-एक मिनिटात थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. बाकीच्यांचे थेंब फुटले. माझा तसाच दुधाळ राहिला. तीनदा केलं, तीनदा दुधाळ. वाण तर सगळ्यांना एकाच नळीतून दिलेला.

सरांनी विचारलं, "जिवाणू कुठून घेतलास?" मी म्हटलं, प्लेटवरून. मॅकाँकी नावाच्या खाद्यमाध्यमावर छान गुलाबी वसाहती आल्या होत्या, त्यातलीच एक उचलली. ते म्हणाले, "ब्रॉथमध्ये टाक, ३७ अंशांवर ठेव आणि दोन दिवस त्याला हलवू नकोस." तसं केलं. ब्रॉथ म्हणजे जिवाणूंचं पातळ खाद्य. तिसऱ्या दिवशी नळीत द्रवाच्या पृष्ठभागावर पातळ साय धरली होती. त्यातला थेंब यीस्टमध्ये मिसळला, आणि स्लाइड तीनदा हिंदकळवायच्या आत कण दिसायला लागले.

तोच जिवाणू, तीच जनुकं. प्लेटवर वाढला तेव्हा बहुतेकांच्या अंगावर तंतू नव्हते. न हलवलेल्या ब्रॉथमध्ये प्राणवायू वरच्या थरात असतो, तिथे टिकायचं तर एकमेकांना धरून राहणं फायद्याचं, म्हणून तंतूवाल्यांची संख्या वाढली. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या नळीतल्या सायीत आहे.

आता हे तंतू. एडिंबरामधल्या ड्यूगिड आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली त्यांना फिंब्रिया हे नाव दिलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ झालर. पुढे १९५९ मध्ये ब्रिंटन यांनी पिलाय, म्हणजे केस, असं म्हटलं आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत दोन्ही नावं सुखाने नांदतात. विद्यार्थी मात्र परीक्षेत गोंधळतात. एका जिवाणूवर असे शेकडो तंतू असू शकतात. एकेकाची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहा हजाराव्या हिश्शाएवढी, आणि लांबी १ ते २ मायक्रोमीटर, जवळजवळ त्या जिवाणूइतकीच.

तंतू तयार कसा होतो ते सोऱ्यावरून चटकन कळेल. सोऱ्यातून शेव पाडताना जे पहिल्यांदा बाहेर येतं ते टोकाला राहतं आणि मागून नवीन माल ढकलला जातो. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात फिम-डी नावाचं प्रथिन म्हणजे सोऱ्याची ताटली. सर्वांत आधी फिम-एच बाहेर पडतं, म्हणून ते टोकाला. त्याच्यामागे फिम-जी आणि फिम-एफ, आणि मग 'फिम-ए' नावाचे मणी, शेकडोंनी, मळसूत्रासारखे गुंडाळत. फिम-सी हे आतल्या बाजूचं प्रथिन एकेक मणी हाताला धरून ताटलीपर्यंत आणून सोडतं. प्रत्येक मण्यात एक खाच रिकामी असते. वाटेत फिम-सी तिच्यात आपलं बोट घालून ठेवतं, आणि ताटलीपाशी आलं की ते बोट निघतं व मागून येणाऱ्या मण्याची शेपटी तिथे बसते. मण्यात मणी असा अडकत जातो, गोंद लागत नाही.

पकडायचं काम एकट्या टोकावरच्या फिम-एचचं. आपल्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर युरोप्लाकिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांच्यावर तीच मॅनोज साखर. फिम-एचच्या टोकाला एक खळगा असतो, मॅनोज त्यात जाऊन बसते.

धारेचं कोडं इथे सुटतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच. साधं तर्कशास्त्र सांगतं की ओढ वाढली की पकड सुटायला हवी. २००२ मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या वेंडी थॉमस, एव्गेनी सोकुरेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फिम-एचचं उलटं असतं. प्रवाह संथ असताना जिवाणू पृष्ठभागावर सैलसर लोळत असतो आणि प्रवाह जोरात आला की घट्ट थांबतो. आपल्याकडची सरकफासाची गाठ आठवा, जनावर जितकं ओढतं तितकी ती आवळते. फिम-एचचे दोन भाग असतात. एरवी मागचा भाग पुढच्याला रेटून असतो, त्यामुळे खळगा सैल राहतो. ताण बसला की दोन्ही भाग एकमेकांपासून सुटतात आणि खळगा मॅनोजभोवती मिटतो. शिवाय 'फिम-ए' मण्यांची गुंडाळी जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी उलगडते आणि झटका स्वतः खाते. म्हणजे लघवीची धार या जिवाणूला सोडवत नाही, उलट त्या क्षणापुरती त्याची मूठ आवळते. धार संपली की मूठ पुन्हा सैल, जरा पुढे सरकायला मोकळा.

म्हणून पाणी पिणं निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नका. प्रत्येक जिवाणू चिकटलेला नसतो. मोकळे फिरणारे वाहूनच जातात.

आता ते 'तोंड'. तंतूचा मणी बनवणाऱ्या फिम-ए जनुकाच्या अलीकडे डीएनएचा ३१४ अक्षरांचा एक तुकडा आहे, त्याला फिम-एस म्हणतात. 'इथून वाचायला सुरुवात करा' ही हाळी देणारा प्रमोटर या तुकड्यावर असतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना ९ अक्षरांचा एकच क्रम आरशातल्यासारखा उलटसुलट लिहिलेला आहे. त्या दोन ठिकाणी डीएनए कापायचा, मधला तुकडा उचलून उलटा फिरवायचा आणि पुन्हा सांधायचा, असं यंत्र जिवाणूकडे आहे. देवळावरचा भोंगा समजा. गावाकडे तोंड करून लावला की गाव जागं होतं, माळाकडे फिरवला की तीच काकडआरती माळावर जाते आणि गाव झोपलेलं राहतं. भोंगा तोच, आवाज तोच. प्रमोटरचं तोंड फिम-एकडे असेल तर तंतू उगवतात, पाठ असेल तर तो जिवाणू अगदी तुळतुळीत.

फिरवणारे दोघे आहेत, फिम-बी आणि फिम-ई. फिम-बी तुकडा दोन्हीकडे फिरवतो, पण रमतगमत. हजारातल्या एखाद्याच पेशीत एका पिढीत असा पालट व्हायचा. फिम-ई मुख्यतः चालूचं बंद करतो आणि त्याचा वेग शेकडो पटींनी जास्त. त्यातही एक मेख आहे. तुकडा 'चालू' दिशेला असताना फिम-ई भरपूर बनतं आणि तुकडा 'बंद' झाला की फिम-ईचा निरोप अर्ध्यातच तुटतो. बंद करणारा आपलं काम उरकून स्वतःच दिवा मालवून निघून जातो म्हणा ना. मूत्रमार्गाचा आजार करणाऱ्या अनेक वाणांत फिम-एक्स नावाचा तिसरा गडीही असतो, त्याचा कल चालू करण्याकडे.

बाहेरची परिस्थिती या गड्यांचे हात ढिले किंवा चपळ करते. शरीराच्या तापमानाला फिम-बी जोमात असतो, थंडाव्यात फिम-ई. लघवी आम्लधर्मी आणि क्षारांनी दाट असेल तर पालट बंदच्या बाजूला झुकतो. आपल्या पेशींवरच्या सियालिक आम्लाचे तुकडे आजूबाजूला वाढले, म्हणजे तिथे दाह आणि पडझड सुरू आहे असा सुगावा लागला, की फिम-बीचं उत्पादन उतरतं. पण लक्षात घ्या, परिस्थिती फक्त शक्यता बदलते. कुठल्या जिवाणूचा तुकडा नेमका कधी फिरेल ते कुणी ठरवत नाही. म्हणून एकाच मूत्राशयात, एकाच आईची लेकरं असलेले जिवाणू काही तंतूवाले, काही तुळतुळीत असे एकाच वेळी सापडतात.

सगळेच कायम तंतूवाले का राहत नाहीत? तंतू महाग पडतात, हे एक. दुसरं, जो तंतू मूत्राशयाला धरतो तोच आपल्या पांढऱ्या पेशींनाही जाऊन चिकटतो, म्हणजे पोलिसाच्या गळ्यात आपणहून हात टाकण्यासारखं. तिसरं आमिषाचं. आपलं मूत्रपिंड युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडत असतं, निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारं प्रथिन हेच. त्याच्यावरही मॅनोजचे घोस आहेत. तंतूवाला जिवाणू त्याला भिंत समजून धरतो आणि वाहून जातो. हे प्रथिन न बनवणाऱ्या उंदरांना मूत्राशयाचा संसर्ग सहज होतो. ताज्या लघवीत तरंगणारे जिवाणू पाहिले तर त्यांत बिनतंतूवाले पुष्कळ निघतात, ते का हे आता कळलं असेल.

मूत्रपिंडाकडे चढायचं असेल तर सामान वेगळं लागतं. तिथे पी-तंतू, त्यांची जनुकं पॅप. ती सगळ्या ई. कोलायकडे नसतात आणि त्यांची पकड मॅनोजवर नसून वेगळ्या शर्करेवर, दोन गॅलॅक्टोजच्या जोडीवर असते. हा स्विच फिरत नाही. इथला मामला एसटीत रुमाल टाकून जागा धरण्यासारखा. पॅप जनुकांच्या अलीकडे जीएटीसी ही चार अक्षरं दोन ठिकाणी येतात. डॅम नावाचं एन्झाइम त्यातल्या ए या अक्षरावर मिथाइलचा छोटा रुमाल टाकतं. एलआरपी नावाचं प्रथिन दोनपैकी एका जागेवर बसलेलं असतं. ते जिथे बसलंय तिथे रुमाल पडत नाही, आणि जिथे रुमाल पडलाय तिथे ते बसायला नाखूश. जवळच्या जागेवर बसलं तर पॅप बंद, लांबच्या जागेवर बसलं तर चालू. मोठा थांबा आला की सगळे उठतात, तसं डीएनएची नवी प्रत बनताना जागा क्षणभर मोकळ्या होतात, आणि तेवढ्यात पॅप-आय या प्रथिनाने मदत केली तर एलआरपी लांबच्या जागी सरकतं. डीएनएचं एक अक्षरही न बदलता लेकीला आईची सवय मिळते. एपिजेनेटिक्स हा शब्द हल्ली कुठल्याही चूर्णाच्या जाहिरातीत दिसतो, त्याचं नीट समजलेलं उदाहरण पाहायचं तर हे पाहावं.

आणि हे दोन स्विच एकमेकांशी बोलतात. पॅप चालू झालं की त्यातलं पॅप-बी हे प्रथिन फिम-बीला अडवतं आणि फिम-ईला उचल देतं. एका वेळी शक्यतो एकच झालर. ज्या वाणाचा संपूर्ण डीएनए २००२ मध्ये वाचून झाला त्या सीएफटी०७३मध्ये, जो मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून मिळाला होता, अशा तंतूंचे बारा वेगवेगळे संच सापडले. एवढं कपाट भरलेलं असताना कुठे काय घालायचं हे ठरवणं आलंच.

एवढं सगळं चिकटण्याचं कौतुक केल्यावर त्याला छेद देणारी गोष्टही सांगते. स्वीडनमधल्या एका शाळकरी मुलीच्या मूत्राशयात किमान तीन वर्षं एक ई. कोलाय राहत होता, तिला काहीही त्रास नव्हता. ८३९७२ हा त्याचा क्रमांक. त्याची जनुकं पाहिली तर फिमचा मोठा तुकडा गळून गेलेला, पॅपही बिघडलेलं. चिकटता येत नाही, पण लघवीत तो इतक्या झपाट्याने वाढतो की वाहून जाण्याआधी नवा साठा तयार. ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही अशा रुग्णांमध्ये डॉक्टरांनी हा जिवाणू मुद्दाम सोडून पाहिला आहे, त्रासदायक वाणांना जागा मिळू नये म्हणून. तेव्हा लघवीत ई. कोलाय सापडला म्हणजे आजार झालाच, असं नाही. त्रास नसताना केवळ रिपोर्टसाठी अँटिबायोटिक घेणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

आता तुमचा शेवटचा भाग, बंद करता येतं का. माणसाच्या शरीरात बसलेल्या जिवाणूचा स्विच बाहेरून फिरवणारं औषध नाही. दुसरा मार्ग म्हणजे स्विच राहू द्या चालू, खळगाच बुजवा. मॅनोज घातली की ई. कोलाय रक्तपेशींच्या गुठळ्या करत नाही, हे कॉलिए आणि द मिरांडा यांनी १९५५ सालीच दाखवलं होतं. माझ्या यीस्टच्या स्लाइडवरही मॅनोजचा थेंब घातला की थेंब फुटत नाही. यावरूनच डी-मॅनोजच्या पुड्या निघाल्या. तुम्हालाही कुणीतरी सुचवल्या असतील. ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर नीट चाचणी झाली, रोज २ ग्रॅम, सहा महिने. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि नुसती फ्रुक्टोज घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्गाच्या शंकेने डॉक्टरांकडे जावं लागलं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच.

मला याचं फार नवल वाटलं नाही. हिशेब करून पाहा. स्लाइडवर आम्ही सढळ हाताने २ टक्के मॅनोज घालतो. दिवसाची लघवी दीड लिटर धरली आणि खाल्लेले २ ग्रॅम जसेच्या तसे तिच्यात उतरले असं मानलं, जे होत नाहीच, तरी ते ०.१३ टक्के भरतात. त्यात ताणाखाली आवळणारी ती मूठ. म्हणून रसायनशास्त्रज्ञ मॅनोजला बेंझीनसारख्या कड्यांची शेपटी जोडून खळग्यात हजारो पटींनी घट्ट बसणारे मॅनोसाइड बनवत आहेत. उंदरांत त्यांनी चांगलं काम केलंय. ते जिवाणूला मारत नाहीत, फक्त बेकार करतात, त्यामुळे अँटिबायोटिकसारखा प्रतिकार लवकर येणार नाही अशी आशा आहे. दुकानात मागायला मात्र जाऊ नका, अजून तिथवर आलेले नाहीत. क्रॅनबेरीने वारंवार होणारे संसर्ग काही स्त्रियांत कमी होतात, झालेला संसर्ग बरा होत नाही.

तीनदा का झालं, याची दोन कारणं संभवतात. एक, दर वेळी आतड्यातून नवी स्वारी. दुसरं, जुनेच लपलेले. फिम-एचने पकडलेला जिवाणू कधीकधी अस्तराच्या पेशीच्या आत शिरतो आणि तिथे हजारोंनी वाढतो. सेंट लुईसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात असे फुगीर गोळे दाखवले, नंतर काही स्त्रियांच्या लघवीतही त्यांच्या खुणा मिळाल्या. आत बसलेल्यांपर्यंत अनेक अँटिबायोटिक नीट पोचत नाहीत. तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून औषधांच्या यादीतले एस (औषध लागू पडतं) आणि आर (लागू पडत नाही) तेच आहेत का ते डॉक्टरांना दाखवा. पॅटर्न अगदी वेगळा असेल तर वाण बहुधा नवा. सारखा असेल तर तोच असेल असं ठामपणे म्हणता येत नाही, पण विचार करायला धागा मिळतो.

पुढच्या वेळी नमुना देताना मधल्या धारेचा द्या आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. गाडीच्या डिकीत चार तास तापलेल्या बाटलीत जे वाढलेलं असतं त्याचे मी खूप रिपोर्ट लिहिलेत. आणि थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखायला लागलं, तर मात्र पॅप-बिप विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.